होबोकेनला लागलेली बोट

मंडळी, कोकणी माणसाला 'बोट लागणे' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आमच्या नानांना लहानपणी रत्नागिरीहून मुंबईला येताना जयगड मागे पडलं की बोट लागायची, आणि मग बोट धक्क्याला लागली की लागलेली बोट उतरायची. ही कोटी नाना गेली पन्नास वर्षं त्याच गंभीर चेहऱ्याने करीत आले आहेत आणि आम्ही दर वेळी हसत आलो आहोत. या वेळचा विषय अशाच एका लागलेल्या बोटीचा आहे. फक्त ही बोट होबोकेनला लागली, १९१४ साली, आणि ज्यांना ती लागली त्यांना ती बरीच वर्षं उतरली नाही.

२०२५च्या उन्हाळ्यात नाना आमच्याकडे आले होते. आई गेल्यापासून ते एकटेच येतात. ही त्यांची दुसरी खेप. नाना माझगाव डॉकमध्ये फिटर म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी फोरमन होऊन बाहेर पडले. अशा माणसाला न्यू जर्सीत दाखवायचं तरी काय? ब्रिजवॉटरचा बालाजी झाला, नायगारा मागच्या खेपेला झाला होता. मॉलमध्ये नेलं तर तिथल्या सरकत्या जिन्याचा आवाज ऐकून 'बेअरिंग गेलंय' एवढाच अभिप्राय मिळाला. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, त्यांना तुमचं कॉलेज तरी दाखवा. त्या एम.एस.साठी कर्ज त्यांनीच काढलं होतं."

तेव्हा एका रविवारी 'पाथ'ची गाडी पकडून आम्ही होबोकेनला गेलो. स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट आहे ती टेकडी, कॅसल पॉइंट, अगदी हडसन नदीच्या काठावर. २००४ ते २००६ ही दोन वर्षं आम्ही त्या टेकडीवरून रोज खाली पाहिलं आहे. पाहिलं म्हणजे काय, समोरचं मॅनहॅटन पाहिलं. खाली पायाशी काय आहे ते पाहायची फुरसत नव्हती. जर्सी सिटीला न्यूअर्क ॲव्हेन्यूवर तूरडाळ कोणत्या दुकानात स्वस्त आणि शेवटची बस किती वाजता, एवढाच आमचा स्थानिक इतिहासाचा व्यासंग.

खाली उतरून 'पिअर ए' नावाच्या बागेत आलो. हिरवळ, कुत्री, बाबागाड्या, चटया अंथरून योगासनं करणाऱ्या बायका. नानांनी सगळीकडे नजर फिरवली.

"अरे, हा धक्का आहे म्हणालास ना? मग गोदी कुठाय?"

गोदी नव्हतीच. बागेच्या तोंडाशी एक मोठा दगड आहे आणि त्यावर धातूची पाटी: पहिल्या महायुद्धात अमेरिकेचं सैन्य इथून बोटीत चढलं. नानांनी पाटी दोनदा वाचली. "बोटी कुणाच्या?" आम्ही इंजिनिअर असल्यामुळे आत्मविश्वासाने 'अमेरिकन नेव्हीच्या' असं ठोकून दिलं. ते चूक होतं. चूक असल्याचं तासाभरातच कळलं, कारण पुढे हडसन स्ट्रीटवर होबोकेनचं ऐतिहासिक संग्रहालय लागलं. ते ज्या इमारतीत आहे ती एकेकाळी बेथलहेम स्टीलच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्याची मशीन शॉप होती. नाना छताखालचे गर्डर बघत बसले आणि आम्ही भिंतीवरची माहिती वाचत. तिथून जे सुरू झालं ते पुढे दोन महिने गावच्या लायब्ररीतून पुस्तकं आणण्यात गेलं.

तर हकीकत अशी. हे धक्के जर्मन होते. हाम्बुर्ग-अमेरिकन लाइन आणि नॉर्थ जर्मन लॉइड या दोन बड्या जर्मन कंपन्यांच्या बोटी न्यूयॉर्कला म्हणून यायच्या त्या नदीच्या या बाजूला, होबोकेनला लागायच्या. त्यामुळे गावही निम्मं जर्मन: खानावळी, बिअरचे बगीचे, बेकऱ्या, गायनमंडळं. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत जेवढी भांडणं होतात तेवढी त्यांच्याही गायनमंडळांत होत असणार, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्या काळात परदेशातून आलेल्या लोकांत जर्मन म्हणजे शिकलेले, कष्टाळू, पोरांच्या शाळेकडे लक्ष देणारे अशी ख्याती होती. वर्णन ओळखीचं वाटतं ना?

मे १९१४मध्ये हाम्बुर्ग-अमेरिकन लाइनची 'फाटरलांड' ही नवी कोरी बोट पहिल्या सफरीवर होबोकेनला आली. हाम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस कारखान्यात बांधलेली, ९५० फूट लांब, ५४,००० टनांची, जगातली त्या वेळची सर्वांत मोठी प्रवासी बोट. नावाचा अर्थ 'पितृभूमी'. तिच्या जेमतेम दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील नसतील, तोच ऑगस्ट उजाडला आणि युरोपात युद्ध पेटलं. ऐन निघायच्या वेळी सफर रद्द झाली, कारण अटलांटिकवर ब्रिटिश आरमार टपून बसलं होतं. बाहेर पडलं की पकडले गेलो. इकडे अमेरिका तटस्थ, म्हणजे बंदरात बसून राहिलं तर कुणी हात लावणार नाही. अमेरिकेच्या निरनिराळ्या बंदरांत अशा सुमारे ९० जर्मन बोटी अडकल्या. त्यांतल्या पंचवीसहून अधिक एकट्या न्यूयॉर्क-होबोकेनच्या पाण्यात.

आणि मग तीन वर्षं काहीही झालं नाही.

आम्हाला या गोष्टीत सर्वांत जास्त अडकवून ठेवणारा भाग हाच. तीन वर्षं ही माणसं बोटीवर राहिली. इंजिन सोडून तेलपाणी करायचं, परत जोडायचं, पितळ घासायचं, रंग काढायचा, रंग द्यायचा. पगार चालू, प्रवास बंद. काही खलाशी बोट सोडून गावात कामाला लागले, काहींनी तिथेच संसार थाटले, काहींनी नागरिकत्वासाठी अर्जाचे 'पहिले कागद' भरले. घरून पत्रं येणार ती उशिरा. न धड तिकडचे, न धड इकडचे. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही दहा वर्षं काढली आहेत, त्या दहा वर्षांत नोकरी बदलायची की नाही, घर घ्यायचं की नाही, आईला दवाखान्यात ठेवलंय तर जायचं की व्हिसाच्या शिक्क्यात अडकू म्हणून थांबायचं, हे हिशेब आम्ही रोज केले आहेत. तेव्हा धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिनाला तेल घालीत बसणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

जानेवारी १९१७च्या अखेरीस जर्मनीने जाहीर केलं की यापुढे आमच्या पाणबुड्या कुठल्याही बोटीला सोडणार नाहीत. ३ फेब्रुवारीला अमेरिकेने राजनैतिक संबंध तोडले. आता या बोटी आज ना उद्या अमेरिकेच्या हाती पडणार हे उघड होतं, म्हणून बोटींवर वरून हुकूम आले: इंजिनं निकामी करा. आणि बहुतेक बोटींवर ते झालं. वाफेच्या इंजिनांची मोठमोठी बिडाची सिलिंडरं घण घालून फोडली गेली. व्हॉल्व्हची घरं तोडली, बोल्ट अर्धवट कापून त्यावर ग्रीस फासून ठेवलं.

हे आम्ही नानांना रात्री जेवताना वाचून दाखवलं. नानांनी घास ताटात ठेवला.

"फोडली कुणी? त्यांच्याच इंजिन रूममधल्यांनी?"

"हो. दुसरं कोण असणार?"

"तीन वर्षं ज्या पोरानं त्या सिलिंडरला तेल दिलं, त्याच्याच हातात घण दिला म्हणायचा." मग बराच वेळ ते आमटी ढवळत बसले.

६ एप्रिल १९१७ची पहाट. वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात रात्रभर चर्चा होऊन युद्धाच्या बाजूने कौल पडला, आणि उजाडायच्या आत कस्टमचे अधिकारी आणि सैनिक होबोकेनच्या धक्क्यांवर पोचले. अध्यक्ष विल्सन यांची सही दुपारी झाली. म्हणजे बोटी आधी ताब्यात, सही मागाहून! आमच्या ऑफिसात परचेस ऑर्डरच्या बाबतीत हेच चालतं. गोळी एकही सुटली नाही. खलाशांनी आपापल्या वळकट्या बांधल्या, त्यांना बोटींवरून उतरवून समोरच्या एलिस आयलंडवर नेण्यात आलं. अमेरिकेत पाऊल ठेवणाऱ्यांची जिथे तेव्हा तपासणी होत असे त्याच बेटावर यांची कैदेची पहिली रात्र.

कायदा मागून आला. १२ मे १९१७ रोजी काँग्रेसने ठराव करून शत्रूच्या बोटींची मालकीच सरकारकडे घ्यायचा अधिकार अध्यक्षांना दिला. ऑक्टोबरात शत्रूशी व्यापाराचा कायदा झाला आणि शत्रूची मालमत्ता सांभाळायला एक खास अधिकारी नेमला गेला. धक्के तर पहिल्याच दिवशी हातात आले होते. १९१८ साली त्यांची मालकीही सरकारने घेतली.

आता नानांचा आवडता भाग. नेव्हीने इंजिन रूम उघडल्या तेव्हा एका बोटीवर जर्मनांनी स्वतःच केलेली मोडतोडीची यादी सापडली. त्यात कलमाकलमापुढे शेरे: हे दुरुस्त होणार नाही, तेही होणार नाही. जर्मन इंजिनिअरचा शेरा म्हणजे काय थट्टा आहे? नवी सिलिंडरं ओतून, घासून, बसवायची तर वर्ष-दीड वर्ष गेलं असतं. तेव्हा ब्रुकलिनच्या नेव्ही यार्डमधले कॅप्टन अर्ल जेसप या इंजिनिअर अधिकाऱ्याने सुचवलं की सिलिंडरं बदलायची नाहीत, विजेच्या वेल्डिंगने जोडायची.

"बिडाला वेल्डिंग?" नाना जवळजवळ ओरडलेच. "तडकणार. बिडाला वेल्डिंग धरत नाही. आमच्याकडे आज कुणी असं म्हणाला असता तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता!"

१९१७ साली बॉयलर आणि विमा कंपन्यांच्या तज्ज्ञांचंही हेच मत होतं. पण जेसप यांच्या लोकांनी युक्ती केली. तुटलेल्या भागाच्या मापाचा ओतीव पोलादाचा तुकडा बनवायचा. बिडाच्या तुटलेल्या कडेला उतार द्यायचा, तिला ओळीने भोकं पाडून आटे पाडायचे आणि त्यांत पोलादी स्टड घट्ट बसवायचे. मग त्या स्टडना धरून थरावर थर असं वेल्डिंग चढवत जायचं, म्हणजे जोर नुसत्या बिडावर न येता स्टडवर येतो. शेवटी आतून सिलिंडर पुन्हा बोअर करून घ्यायचं आणि पाण्याचा दाब देऊन तपासायचं. आम्ही हे कागदावर काढून दाखवलं. नानांनी पेन्सिल हातातून घेतली, आमचे स्टड चुकीच्या अंतरावर होते ते दुरुस्त केले, चष्मा काढला आणि म्हणाले, "कारागीर होते."

वर्ष संपायच्या आत बहुतेक बोटी सैनिक घेऊन फ्रान्सकडे चालू लागल्या होत्या. 'दुरुस्त होणार नाही' असा शेरा असलेली सिलिंडरं अटलांटिक ओलांडून गेली आणि आली. नानांनी ही गोष्ट नंतर माझगावच्या आपल्या तीन जुन्या सहकाऱ्यांना फोन करून सांगितली. एकानेही विश्वास ठेवला नाही.

बोटींची बारशीही झाली. 'प्रिन्सेस इरेने' हिची 'पोकाहोंटस' झाली, 'कायझर विल्हेल्म दुसरा' याचा 'ॲगमेम्नॉन' आणि 'सिनसिनाटी'ची 'कोव्हिंग्टन'. 'फाटरलांड' हिला पितृभूमी म्हणून चालणार नव्हतंच. ती 'लेव्हायथन' झाली, म्हणजे बायबलातला महाकाय समुद्रजीव. खलाशांनी तिचं 'लेव्ही नेथन' करून टाकलं. तिच्या इंजिनांचं नुकसान इतरांच्या मानाने कमी होतं, कारण ती टर्बाइनवर चालणारी. युद्ध थांबेपर्यंत तिने १ लाख १९ हजारांहून अधिक सैनिक नेले, एकेका फेरीत दहा-बारा हजार. जर्मनीला नमवायला जर्मनीचीच पितृभूमी! उलट बाजूही आहे. 'प्रेसिडेंट लिंकन' आणि 'कोव्हिंग्टन' या दोन मूळच्या जर्मन मालकीच्या बोटी १९१८ साली जर्मन पाणबुड्यांनीच बुडवल्या. आणि डिसेंबर १९१८मध्ये विल्सनसाहेब शांतता परिषदेला पॅरिसला निघाले, ते ताब्यात घेतलेल्या 'जॉर्ज वॉशिंग्टन' या जर्मन बोटीवरून, होबोकेनच्या ताब्यात घेतलेल्या जर्मन धक्क्यावरून. बोटीचं नाव बदलावं लागलं नाही. जर्मनांनी ते आधीच ठेवलेलं होतं.

बोटींचं असं झालं. माणसांचं काय, हे विचारलं आमच्या थोरल्या लेकीने. ती अकरावीत आहे आणि तिला वेल्डिंगमध्ये रस नाही.

कैद केलेल्या अधिकारी-खलाशांपैकी दोन हजारांवर माणसं नॉर्थ कॅरोलायनातल्या हॉट स्प्रिंग्ज या डोंगरातल्या गावी ठेवली गेली. तिथलं माउंटन पार्क नावाचं मोठं हॉटेल आणि त्याचं आवार सरकारने भाड्याने घेतलं. 'फाटरलांड'चे कमोडोर हान्स रूझर तिथे होते. हा गृहस्थ १९०१ साली दक्षिण ध्रुवाकडच्या जर्मन मोहिमेच्या 'गाउस' जहाजाचा कप्तान होता, बर्फात अडकून पडायची त्याला सवय होती. बोटीवरचा वाद्यवृंदही कैदेत आला, त्यामुळे रविवारी डोंगरात संगीताचे कार्यक्रम होत आणि गावकरी ऐकायला येत. या माणसांनी नदीतून वाहून आलेली लाकडं आणि फळकुटं गोळा करून आवारात एक छोटं जर्मन गाव बांधलं. लहान लहान घरं, कुंपणं, आणि तंबाखूचे पत्र्याचे डबे ठोकून सपाट करून त्यांच्या पत्र्याचं एक चिमुकलं चर्च. त्याचा फोटो आम्ही पाहिला आहे. रिकामा हात बसत नाही, हे नानांचं मत. काही जणांच्या बायका मागोमाग येऊन गावात खोल्या घेऊन राहिल्या. १९१८च्या उन्हाळ्यात तिथे विषमज्वराची साथ आली. त्यात गेलेल्यांपैकी अठरा जण ॲशव्हिलच्या रिव्हरसाइड स्मशानभूमीत आहेत. बाकीच्यांना जॉर्जियातल्या फोर्ट ओगलथॉर्पच्या छावणीत हलवलं.

होबोकेनमध्ये जे बोटींवर नव्हते, नुसते राहत होते, त्यांचीही सुटका नव्हती. ६ एप्रिललाच जाहीरनामा निघाला होता: चौदा वर्षांवरचा प्रत्येक जर्मन पुरुष, जर अमेरिकन नागरिक झालेला नसेल, तर 'शत्रुदेशीय परका'. 'पहिले कागद' भरून ठेवलेले असले तरी ते धरले जात नव्हते. शपथ घेतलेला तो आपला. अर्ज दिलेला तो शत्रू. नोव्हेंबरात हुकूम सुटला की अशा माणसांनी धक्क्यांच्या शंभर यार्डांच्या आत फिरकायचं नाही. आता ज्या गावाचा सगळा रोजगारच धक्क्यावर, तिथल्या माणसाने जायचं कुठे? आणि १९१८च्या एप्रिलात यात बायकाही आल्या. इथे एक भयंकर गंमत आहे. १९०७च्या कायद्याप्रमाणे अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व जाऊन तिला नवऱ्याचं लागायचं. म्हणजे होबोकेनमध्येच जन्मलेली, जर्मनी कधी डोळ्यांनीही न पाहिलेली बाई, बेकरीवाल्या जर्मनाशी लग्न केल्यामुळे एका सकाळी शत्रू झाली. तिला नाव नोंदवायला जायचं, बोटांचे ठसे द्यायचे. तो लग्नाचा कायदा १९२२ साली बदलला. शत्रुदेशीयांचा मूळ कायदा मात्र १७९८चा आहे आणि तो आजही आहे. मार्च २०२५मध्ये तो पुन्हा बाहेर काढण्यात आला, व्हेनेझुएलाच्या टोळीच्या नावाने, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

लेक म्हणाली, "बाबा, मी तर सिटिझन आहे. तुम्ही?" आम्ही तिला भात वाढला.

नानांना यातलं काहीच नवल वाटलं नाही. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला कैसर-ए-हिंद इमारतीत शत्रूच्या मालमत्तेचं सरकारी कार्यालय बरीच वर्षं होतं, त्या रस्त्याने ते हजारदा गेलेले. आपल्याकडे तो कायदा १९६८चा. आणि २०१७च्या दुरुस्तीने तर मूळ मालकाचे वारस भारतीय नागरिक असले तरी त्यांचा हक्क राहिला नाही. शिवाय त्यांच्या पिढीतल्या गोदीवाल्यांना मुरगावची गोष्ट तोंडपाठ असते. दुसरं युद्ध लागल्यावर 'एरेनफेल्स', 'ब्राउनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' या जर्मन बोटी आणि 'अन्फोरा' ही इटालियन बोट गोव्यात मुरगाव बंदरात येऊन बसल्या. पोर्तुगाल तटस्थ, तेव्हा तिथे कुणी हात लावणार नाही. होबोकेनचाच हिशेब. इंग्रजांना ताब्यात घ्यायचा कायदा लागू नव्हता, म्हणून मार्च १९४३मध्ये कलकत्ता लाइट हॉर्सची, म्हणजे कलकत्त्यातल्या व्यापारी-कारकून गोऱ्यांची एक पलटण रात्री गुपचूप चढून आली. बोटींवरच्यांनी बोटी पेटवून बुडवल्या. "तिकडं पाणबुड्यांना बातम्या देणारा वायरलेस होता म्हणे," नाना म्हणाले, "पण बुडाल्या त्या चांगल्या इंजिनांच्या बोटी." नानांची सहानुभूती कुठल्या पक्षाला आहे हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

अमेरिकेनेही १९४१ साली तसंच केलं, तेही स्वतः युद्धात पडायच्या आधी: मार्चअखेर एका झटक्यात अडकून पडलेल्या इटालियन, जर्मन आणि डॅनिश बोटी ताब्यात घेतल्या. इटालियन खलाशी माँटानात, समुद्रापासून शेकडो मैल दूर. पण त्यात आम्ही शिरत नाही.

'लेव्हायथन'चं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. युद्ध संपल्यावर तिला पुन्हा प्रवासी बोट करायचं ठरलं. बिल्डरकडे नकाशे मागितले तर त्यांनी दहा लाख डॉलर सांगितले. विल्यम फ्रान्सिस गिब्ज हा माणूस म्हणाला, नको तुमचे नकाशे, आणि शंभराच्या वर ड्राफ्ट्समन लावून ९५० फुटांची अख्खी बोट इंच इंच मोजून नवे नकाशे काढले. आमच्या कंपनीत व्हेंडर ड्रॉइंग देत नाही म्हणून आम्ही जे रडगाणं गातो, ते त्या दिवसापासून आम्ही बंद केलं आहे. ऐंशी लाखांच्या आसपास डॉलर खर्चून १९२३च्या ४ जुलैला ती निघाली. पण अमेरिकन झेंड्याखालची बोट म्हणजे दारूबंदी. उतारू शेजारच्या ब्रिटिश बोटीत जाऊन बसू लागले. वर्षानुवर्षं तोटा. १९३४ला ती पुन्हा होबोकेनच्याच धक्क्याला बांधली गेली, आणि १९३८च्या जानेवारीत स्कॉटलंडला रोझाइथच्या भंगारात गेली.

जर्मन कंपन्यांना पैसे मिळाले का? मिळाले. १९२८ साली काँग्रेसने कायदा करून ताब्यात घेतलेल्या बोटी, एक रेडिओ स्टेशन आणि पेटंट यांच्या भरपाईसाठी एकूण १० कोटी डॉलरची मर्यादा घातली, पंच नेमला, बोटीबोटीची किंमत ठरवली. अकरा वर्षं लागली, पण लोखंडाचा हिशेब झाला. तो कायदा आम्ही लायब्ररीत बसून चाळला. त्यात खलाशांच्या वर्षांसाठी रकाना नाही. बेकरीवाल्याच्या बायकोसाठीही नाही. होबोकेन गावाला मात्र एक भलताच फटका बसला: धक्के सरकारी झाल्यामुळे त्यांचा कर बुडाला, आणि गाव पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल वॉशिंग्टनला खेटे घालीत राहिलं. ते धक्के पोर्ट ऑथॉरिटीकडे चालवायला गेले ते १९५२ साली.

नाना परत जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री दहा वाजता आम्ही स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलो तर नाना टेबलाशी बसलेले.

"तुझे ते कागद कुठपर्यंत आले?"

कुठले कागद ते आम्हाला लगेच कळलं. नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली तेव्हाच सौ.ने आपला भरला, मुलाखत दिली, शपथही घेऊन आली. आमचा टेबलाच्या तिसऱ्या खणात दोन वर्षं पडून आहे. कारण विचारलं की आम्ही प्रत्येक वेळी वेगळं सांगतो: फी वाढलीय, ठसे द्यायला सुट्टी नाही, प्रवासाच्या तारखा जुळवायच्या आहेत. भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल हे कारण आम्ही मोठ्याने कधी सांगितलेलं नाही. नाना काय म्हणतील हा प्रश्न होताच.

"तारखा जुळवायच्या राहिल्यात," आम्ही म्हणालो.

"आण इकडं."

गेल्या पाच वर्षांत अमेरिकेबाहेर किती वेळा गेलात, कधी निघालात, कधी परत आलात, असा एक तक्ता त्यात असतो. नानांनी कच्चा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या, आमचा पासपोर्ट उघडला आणि एकेक शिक्का दिव्यासमोर धरून तारखा उतरवायला लागले. ड्रॉइंग ऑफिसमधल्यासारखे सुटे, ठळक आकडे. भाच्याचं लग्न. टोरांटोचं अधिवेशन. मागची दिवाळी. आम्ही समोर बसून नुसते बघत होतो. तिसऱ्या ओळीशी येऊन त्यांनी पासपोर्ट मिटून बाजूला ठेवला आणि शिक्का न बघताच लिहिलं: २६ एप्रिल २०२१, सकाळी सव्वासहा.

त्या सकाळी ते एकटेच दारात उभे होते. आईचा तिसरा दिवस होता. विमानं मिळत नव्हती.

मग त्यांच्या लक्षात आलं की रकाना अमेरिकेतून निघाल्याच्या तारखेचा आहे आणि वेळ तर कुणी विचारलेलीच नाही. त्यांनी ती ओळ पट्टीने नीट खोडली, वर २५ केलं आणि म्हणाले, "परत कधी गेलास ते तू सांग. ते मला आठवत नाही."